फुनाफुतीचं पाणी

९ ऑक्टो., मंगळवार. केज

सकाळी दूध संस्थेत. संकलन आणखी घटलं. चाराच न्हाई तर म्हशी तरी काय करतील. शोभा, आमची सेक्रेटरी, म्हणत होती की आक्का, गाडी एक दिवसाआड बोलवू. तेच चाललं होतं तेवढ्यात फोन. आमचा सुजित खलाशी, त्याच्या जहाज कंपनीचा. माणूस हिंदीत फार हळू, फार अदबीने बोलत होता.

त्याचं अपेंडिक्स फुटलं. जवळच्या बेटावर उतरवून ऑपरेशन केलं. देशाचं नाव तुवालू, गाव फुनाफुती. राजधानीच आहे म्हणे. जहाज पुढे गेलं. पोरगं तिथे एकटं.

ह्यांनी दोनदा विचारलं, जवळचं मोठं गाव कोणतं. सगळी नोकरी एसटीत गेली. गाव म्हटलं की ह्यांना आधी डेपो लागतो. मी म्हटलं, सगळीकडून समुद्र आहे.

१० ऑक्टो., बुधवार

कंपनी घरच्या एका माणसाला नेणार. घरात पासपोर्ट एकट्या माझ्याकडे. महिला मंडळाबरोबर श्रीलंकेला, अनुराधापूरला गेले तेव्हा काढलेला. तेव्हा हे म्हणाले होते, परत कुठं लागायचाय. आज त्यांनीच उठून कपाटातून काढला, उपरण्याने पुसला आणि माझ्या हातात दिला.

दुपारी संस्थेच्या बायका आल्या. कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी जवसाची, कुणी कडक भाकरीची चवड. कौसाबाईने तुपाची बरणी. तिच्या घरी सध्या लेकरांना ताक न्हाई. नको म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाली, "गप ठिव. पोराला सांग, केजचं हाय."

ठेवली.

१३ ऑक्टो., शनिवार. सुवा (फिजी)

मुंबई, सिंगापूर, मग नांदी, मग छोट्या विमानाने इथे. किती वेळ बसले होते कळेना. पाय सुजलेत. कंपनीच्या माणसाने एका लॉजवर सोडलं. फुनाफुतीला रोज विमान नसतं, मंगळवारी मिळणार. तोवर फोनवरच. सु. म्हणतो बरा आहे. आवाज बरा नाही.

नांदीच्या विमानतळावर सामान तपासणारा गृहस्थ आपल्यातला दिसत होता. हिंदी बोलला, पण वेगळीच, ऐकायला गोड. परदेशातलं दुधातुपाचं काही आत नेता येत नाही म्हणाला. बरणी काढून घेतली. कौसाबाईला हे सांगायचं नाही.

बरणी ठेवताना विचारलं, कुठल्या. मी म्हटलं बीड, महाराष्ट्र. त्याला माहीत नव्हतं. त्याचे पणजोबा ऊस तोडायला आणलेले, इंग्रजांनी बोटीत घालून, ते परत गेलेच नाहीत. मी सांगितलं, आमच्याकडची माणसं अजून जातात ऊस तोडायला. दसरा झाला की गावं ओस पडतात. म्हणाला, "लौट के आते हैं ना?"

मी म्हटलं, येतात.

"ई अच्छा है," म्हणाला. बरणी मात्र दिली नाही.

१६ ऑक्टो., मंगळवार. फुनाफुती

पोचले.

वरून बघितलं तर पाण्यावर करगोटा टाकल्यासारखी जमीन. एवढ्याशा पट्टीवर विमान कसं टेकणार म्हणून डोळे मिटले. खाली उतरल्यावर कळलं की विमान यायच्या आधी भोंगा वाजवून धावपट्टीवरून माणसं, कुत्री, मोटारसायकली बाजूला करतात. राजधानी, पण माझ्या माहेराहून, उमापूरहून लहान. रस्त्यात उभं राहिलं तर दोन्हीकडे समुद्र दिसतो.

दवाखान्यातली एक नर्स न्यायला आली होती, मोटारसायकलवर. नऊवारीत असते तर बरं झालं असतं. पाचवारी सावरत तिच्या मागे बसले, ट्रंक मांडीवर.

सु. ओळखू येईना. गालफडं बसलेली, दाढी. मला बघून हसला आणि मग तोंड भिंतीकडे केलं. "आई, तू कावून आलीस एवढ्या लांब?"

डोक्यावरून हात फिरवला. केस धुतलेले होते. अंगावरचा सदरा स्वच्छ. उशाला झाकलेली ताटली, तिच्यात भात आणि मासा. माझ्या मनात येत होतं की हे सगळं कोण करतं.

१७ ऑक्टो., बुधवार

लोसा करते.

शेजारच्या खाटेवर तिचा नवरा आहे, इओने. साखरेचा आजार, पायाला जखम. इथे पेशंटचं जेवण-धुणं बरंचसं घरच्यांनीच बघायचं. सु. ला आणलं त्या दिवशी त्याचं कुणीच नाही हे तिने पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन ताटल्या आणायला लागली. कुणी सांगितलं नाही. त्याला शुद्ध नव्हती तेव्हा अंग पुसून घेतलं. माझ्याहून थोडी मोठी असेल. अंगाने थोराड, चालते सावकाश, हसते लगेच. तिला इंग्रजी येतं, मला मोडकं. सु. मध्ये पडून सांगतो.

इथेही दुष्काळ. ऐकून खरंच वाटेना. चारी दिशांना पाणी आणि प्यायला नाही. नदी नाही, विहिरीला खारट पाणी. छतावरचा पाऊस टाकीत साठवतात, तेवढाच. किती दिवस पाऊस नाही. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आहे, त्यातून घरटी बादल्या ठरवून देतात. सकाळी बादल्यांची रांग बघितली आणि वाटलं, केजला टँकर आला.

लोसा मला तिच्या घरी घेऊन गेली, दवाखान्यामागेच आहे. दारात थांबले. सवयच. उमापूरला आमच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आम्ही खाली उभं राहायचं, आई घागर पुढे करायची आणि वरच्यांपैकी कुणाच्या मनात आलं तर लांबून ओतायचे. अर्धं बाहेर सांडायचं. आता न्हाई ते, पण अंगातून जात नाही. पाणी म्हटलं की मी अजून वाट बघते.

लोसाने बादलीतून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. तिच्या रोजच्या वाट्यातला. मी अर्धा प्यायले, उरलेला परत देऊ लागले तर तिने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. पाय सुजले होते ना. पायांवर ओत म्हणाली.

प्यायचं पाणी पायांवर कसं ओतणार. नाही ओतलं, पण तिने म्हटलं तेवढ्यानेच निवले.

आभार मानायला इथे फाकाफेताई म्हणतात. सु. ने शिकवलं. दिवसभर तेच म्हणत होते.

१८ ऑक्टो., गुरुवार

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी तेवढी बरोबर आणली होती, ती नेसले. घरी असते तर विहार, खीर. सु. च्या खाटेशी बसून हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. लोसाला वाटलं मी लेकासाठी मागणं मागते. तिने पण हात जोडले आणि माझं झाल्यावर तिची प्रार्थना म्हटली. इओने खाटेवरून आमेन म्हणाला. तिघांचं मिळून झालं.

भाकरी भिजवून चटणीबरोबर इओनेला दिली. तिखटाने डोळ्यांत पाणी, तरी आणखी मागितली. लोसाने नारळाच्या ताडीचा आटवलेला पाक दिला. अगदी काकवी.

सु. ला आज कणकण वाटते म्हणतो.

१९ ऑक्टो., शुक्रवार

ताप चढला. पोट फुगलं. डॉक्टर सु. च्याच वयाची मुलगी, इथलीच. समोर बसून सगळं नीट सांगितलं. आत पू झालाय, पुन्हा उघडावं लागेल, रक्त लागेल. इथे रक्त साठवून ठेवलेलं नसतं. ज्याला लागेल त्याच्यासाठी माणसं बोलवायची. माझं तपासलं. जुळेना.

मी विचारलं, मग?

ती म्हणाली, रेडिओवर सांगू.

बाहेर ओट्यावर बसले. कुठल्या कुठे आणून सोडलं होतं पोराला आणि आता त्याचं कोण, कुणासाठी येणार माणसं. हे मनात आलं त्याची आता लाज वाटते. लोसाच्या घरचा रेडिओ ऐकू येत होता, त्यात सुजितचं नाव, मोडून तोडून घेतलेलं. आणि मग मोटारसायकली यायला लागल्या. एक पोलीस. पोटरीपर्यंत ओला एक कोळी. शाळेतल्या एक बाई. दोघं व्हॉलीबॉल सोडून आलेले, घामाने निथळत. कुणी मला काही विचारलं नाही. येताना खांद्याला हात लावायचे आणि आत जायचे. ज्यांचं जुळलं नाही तेही गेले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. लोसा माझा हात धरून. तिचा हात खरखरीत, चटया विणून.

ह्यांना फोन लावला. बोलता येईना. ह्यांनीच सांगितलं, तू नुस्ती बस, मी पण हितं बसलोय.

२० ऑक्टो., शनिवार

ऑपरेशन झालं. पोरगं आहे.

डॉक्टर म्हणते, दोन दिवस जाऊ द्या.

२२ ऑक्टो., सोमवार

ताप उतरला. सकाळी डोळे उघडून म्हणाला, "आई, चहा हाय का?" नर्सने नाही म्हटलं. मी बाहेर जाऊन रडले. आल्यापासून पहिल्यांदा.

मग भेटेल त्याला फाकाफेताई. दुकानात, रस्त्यात. लोक हसतात. न हसून काय करतील, एक बाई साडी नेसून सगळ्या गावाला धन्यवाद म्हणत फिरते. त्या पोलिसाला नेमकं ओळखलं. बाकीचे कोण कोण होते आठवत नाही. म्हणून सगळ्यांनाच.

२४ ऑक्टो., बुधवार. पौर्णिमा

सु. उठून बसला, पेज घेतली.

लोसा तिच्या बायकांच्या सहकारी संस्थेत घेऊन गेली. चटया, पंखे, शिंपल्यांच्या माळा विणून विकतात. मी सांगितलं की मी पण अशाच संस्थेची अध्यक्ष, आमची दुधाची. त्यांना लई आनंद झाला. तिथल्या कितीतरी जणींनी गाय-म्हैस डोळ्यांनी बघितलेली नाही, बेटावर डुकरं तेवढी. फोनमधला कौसाबाईच्या म्हशीचा फोटो हातोहात फिरला. एकीने विचारलं, चावते का.

भांडणं मात्र आपल्यासारखीच. कोण मीटिंगला येत नाही, कुणाचा माल ढिला, कुणाला पद पाहिजे. लोसा भाषांतर करता करता हसत होती. दोघी घरी आलो तेव्हा वाटलं, शोभाबरोबरच चालतेय.

संध्याकाळी धावपट्टीवर बसलो. विमान नसलं की सगळं गाव तिथेच असतं. पोरं खेळतात, म्हातारे चटई टाकून पडतात. चंद्र समुद्रातून वर आला. मी तिला विचारलं, एवढ्या दिवसांत विचारलं नव्हतं, लेकरं किती.

एक मुलगा. सेमी. तोही जहाजावर.

आणि त्याचा काही महिने फोनच नाही. शेवटचा आला तेव्हा म्हणाला, जहाज बदलतोय. पुढे काही नाही. इओनेला वाटतं बाप आजारी आहे हे कळूनही पोरगं गप्प आहे, म्हणून तो पायाचं ऑपरेशन करून घेत नाही. पाय काढायचा तर सेमी आल्यावर, म्हणतो.

ती समोर बघून हळू बोलली, मला समजेल अशा सोप्या इंग्रजीत. माझा पण कुणाच्या तरी गावात पडला असेल. तिथे कुणीतरी बाई...

मी तिचा हात धरला, त्या दिवशी तिने धरला होता तसा.

२९ ऑक्टो., सोमवार

सु. ला सगळं सांगितलं. म्हणाला, मला का नाही बोलली ती. मी म्हटलं, तू मरायला टेकला होतास.

तेव्हापासून इओनेच्या खाटेशी जाऊन बसतो. दोघं जहाजांचं बोलतात. इओने पण तरुणपणी खलाशी होता. सेमीचं पूर्ण नाव, आधीचं जहाज, सगळं विचारून घेतलं. फोनवर कुणाकुणाला पाठवतो. जहाजावरची माणसं एकमेकांना ओळखतात म्हणे, फक्त वेळ लागतो, कोण कुठल्या समुद्रात असेल सांगता येत नाही.

आता बादली भरायला मी जाते. लोसाचा नंबर, पण मी उभी राहते. रांगेतल्या बायका पुढे सरकवतात, मी सरकत नाही. रांग मोडायची नाही, केजला याच्यावरूनच डोकी फुटतात.

३ नोव्हें., शनिवार

इओनेचा ताप. जखम वर चढली. डॉक्टर तीच, त्याच शांतपणाने बोलली. तो नको म्हणाला.

मग सु. बोलला. मला अर्धवट कळलं, नंतर विचारून घेतलं. त्याने सांगितलं की दुसऱ्या वेळी आत नेताना मला भीती वाटत होती ती मरायची नव्हती. आई बाहेर ओट्यावर बसलेली आहे आणि कुणीतरी येऊन तिला सांगेल, त्याची होती. "सेमी आला अन् त्याला लोसाबाईंनी एकटीनं सांगावं, हे तुमाला चालंल का?"

इओने भिंतीकडे वळला. सु. तिथेच बसला, जेवायला पण उठला नाही.

संध्याकाळी इओनेने लोसाला हाक मारली. उद्या डॉक्टरला हो सांग म्हणाला.

५ नोव्हें., सोमवार

इओनेचा पाय काढला. गुडघ्याखाली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय मागितलं तर जवसाची चटणी. नर्सने नाही म्हटलं. सगळ्यांना नाहीच म्हणते ही.

सु. ला डॉक्टरने विमानात बसायची परवानगी दिली. गुरुवारी निघायचं.

८ नोव्हें., गुरुवार

सकाळी लोसाने केस विंचरून फुलांचा गजरा डोक्याभोवती घातला. चटई दिली, तिने विणलेली, कडेला लाल दोरे. मी काय देणार. श्रीलंकेहून आणलेली पांढरी साडी बरोबर होती, ती दिली. तिने तिथल्या तिथे लुंगीसारखी गुंडाळली, सगळ्यांना दाखवली.

धावपट्टीशी किती माणसं आली होती. पोलीस होता. शाळेच्या बाई होत्या, मुलं घेऊन. डॉक्टर धावत येऊन गेली. दुसऱ्या पेशंटला सोडून आलेली, थांबली नाही. सु. च्या अंगात यांच्यातल्या कुणाकुणाचं रक्त आहे. आमच्या गावात कुणाचं पाणी कुणी प्यायचं यावर पिढ्या गेल्या.

लोसा रडली नाही. म्हणून मी पण नाही. विमानात बसल्यावर मग.

१४ नोव्हें., बुधवार. केज

घर. हे स्टँडवर उभे होते. लेकाला धरून तिथेच उभे राहिले, जीपवाला हॉर्न देऊन थकला.

अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय, माजलगावकडे, पार कर्नाटकात. टँकर दोन दिवसांआड. शोभाने संस्था चालू ठेवली. दूध थोडं आहे, पण मोजून रोज गाडीत जातं. बायकांनी ठरवलं म्हणे, आक्का यायच्या आत कुलूप लावायचं न्हाई. काय बोलणार यांच्यापुढे.

कौसाबाईने विचारलं, तूप खाल्लं का पोराने. सु. ने मान हलवली, "लई भारी होतं मावशी." खोटं बोलला. चांगलं केलं.

२ डिसें., रविवार

संस्थेच्या बैठकीत सगळं सांगितलं. रक्ताचं सांगताना थांबले, सु. ने पुढचं सांगितलं. एका म्हातारीने विचारलं, "त्या बाईचं पोरगं घावलं का?"

न्हाई, अजून न्हाई.

रोज कुणी ना कुणी तेच विचारतं. लोसाला माहीतही नाही की इथे चाऱ्याची वाट बघणाऱ्या बायका तिच्या लेकाची वाट बघतात.

१६ डिसें., रविवार

लोसाचा फोन. इओने कुबड्यांवर चालतो, ओरडतो, म्हणजे बरा आहे. टाक्या अजून रिकाम्याच. तिने माझ्या पायांची चौकशी केली.

सु. ला एका रत्नागिरीच्या खलाशाचा निरोप आलाय. त्याच्याबरोबर त्या नावाचा एक जण कोरियातल्या एका बंदरात होता, आजारी पडून उतरला. तोच का, सांगता येत नाही. नाव त्यांच्याकडे बऱ्याच जणांचं असतं. सु. म्हणाला, तिला एवढ्यात नको सांगायला. मला वाटतं सांगावं. घटकेत वाटतं, न सांगावं. लोसाशी फोनवर आम्ही दोघंही पावसाचंच बोललो.

२१ डिसें., शुक्रवार

कंपनीचा फोन. तब्येतीचा दाखला आला तर जानेवारीत जहाज. त्याच समुद्रात जाईल, कोरिया धरून.

हे म्हणाले, त्याचं तो ठरवील. पण चहा तसाच निवला त्यांचा.

मी जातानाच ठरवलं होतं, परत आणायचा आणि पुन्हा पाठवायचा नाही. केजला कुठेही कामाला लागेल. विमानात, सुव्याच्या लॉजवर, ओट्यावर, तेच घोकत होते. आज तोंडाशी आलं होतं. सु. पोटावरून हात फिरवत उभा होता, टाक्यांवरून, त्याला आता सवयच लागली आहे. म्हणाला, "आई, तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर चौकशी होईल. फोनवर न्हाई व्हत तेवढं."

मी विचारलं, आणि परत आजारी पडलास तर?

ह्यांचा निवलेला चहा उचलून आत गेला तो.

दुपारी बॅग गच्चीवर उन्हात टाकली त्याने. वास जायला, म्हणाला. मी हो म्हटलेलं नाही. न्हाई पण म्हटलेलं नाही. शोभा भाकरीचं पीठ विचारायला आली होती, पोराबरोबर द्यायला कडक करायच्या असतील तर ज्वारी आजच दळून ठेवते म्हणाली.

थांब म्हटलं. उद्या सांगते.